‘असे मानले जाईल’ : ब्रिटनमधील दीर्घ निवासाचा हक्क आणि त्याची शाबिती (१९४८–२०१८)

१

एखादा मनुष्य परक्या देशात लहानपणी येतो, तेथील शाळेत शिकतो, तेथेच नोकरी करतो, कर भरतो, मुलेबाळे वाढवितो; आणि चाळीस-पन्नास वर्षांनंतर त्या देशाचे सरकार त्यास विचारते, की आपण येथे कोणत्या अधिकाराने राहत आहात ते सिद्ध करा. हा प्रश्न विचारला जाण्यापूर्वी त्याच्या अधिकाराविषयी कोणालाही शंका आलेली नसते. खुद्द त्याला तर नसतेच. कायदा त्याच्या बाजूने असतो. तथापि कायदा बाजूने आहे हे दाखविणारा कागद त्याच्यापाशी नसतो, आणि तसा कागद त्यास कधी कोणी दिलेलाही नसतो.

ब्रिटनमध्ये २०१८ साली ‘विंडरश प्रकरण’ या नावाने जे उघडकीस आले त्याचे सार एवढेच आहे. राष्ट्रकुलातील देशांतून १९७३ पूर्वी आलेल्या व कायदेशीर रीत्या स्थायिक झालेल्या अनेकांना नोकरी, घर, औषधोपचार व पेन्शन यांस मुकावे लागले. काहींना अटकेत ठेवण्यात आले व काहींना देशाबाहेर पाठविण्यात आले. या प्रकरणाची कारणमीमांसा करताना २०१२ नंतरच्या कडक धोरणाकडे व अधिकाऱ्यांच्या वृत्तीकडे बोट दाखविले जाते. ते चूक नाही. परंतु अपुरे आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या अनर्थाचे बीज १९७१ च्या कायद्यातील दोन वाक्यांच्या रचनेत आहे. पहिल्या वाक्याने हक्क दिला, पण कागद दिला नाही. दुसऱ्या वाक्याने शाबितीचा भार हक्क सांगणाऱ्यावर टाकला. ही दोन वाक्ये एकाच कायद्यात शेजारी शेजारी दीर्घकाळ निरुपद्रवी पडून राहिली. आणि प्रश्न विचारणारे वाढले तेव्हा त्यांचा एकत्रित परिणाम दिसू लागला.

प्रस्तुत लेखक भाषेचा अभ्यासक आहे, कायदेपंडित नव्हे. म्हणून येथे निवाड्यांची छाननी करण्यापेक्षा शब्दांचा व वाक्यांचा इतिहास पाहण्याचा प्रयत्न केला आहे. कायदा हा अखेर भाषेतच लिहिला जातो, आणि त्याच्या शब्दयोजनेचे परिणाम माणसांना भोगावे लागतात.

२

‘एम्पायर विंडरश’ हे जहाज मूळचे जर्मन. युद्धानंतर ते ब्रिटिशांच्या ताब्यात आले. जून १९४८ मध्ये ते लंडनजवळील टिलबरी बंदरात येऊन थांबले आणि २२ जून रोजी त्यावरील उतारू खाली उतरले. जहाजावर एक हजाराहून थोडे अधिक लोक होते व त्यांपैकी बहुसंख्य जमेका आणि कॅरिबियनमधील इतर बेटांचे रहिवासी होते. पुढे हे जहाज १९५४ साली भूमध्य समुद्रात आग लागून बुडाले. परंतु त्याचे नाव एका संपूर्ण पिढीस चिकटले.

या उतारूंची कायद्यातील ओळख काय होती? आज आपण त्यांस ‘स्थलांतरित’ म्हणतो. तत्कालीन कायद्याच्या भाषेत ते तसे नव्हते. ते ब्रिटिश प्रजाजन होते, आणि साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात येत होते. त्याच वर्षी संमत होऊन १ जानेवारी १९४९ पासून अंमलात आलेल्या राष्ट्रीयत्वाच्या कायद्याने ‘युनायटेड किंगडम व वसाहती यांचा नागरिक’ ही नवी संज्ञा निर्माण केली. लंडनमध्ये जन्मलेला मनुष्य आणि किंग्स्टनमध्ये जन्मलेला मनुष्य हे दोघेही या एकाच संज्ञेखाली येत. भारतासारख्या स्वतंत्र झालेल्या देशांचे नागरिक निराळे गणले गेले, तरी तेही राष्ट्रकुलाचे नागरिक या नात्याने ब्रिटनमध्ये येण्यास व राहण्यास मोकळे होते.

या मोकळीकीचा एक परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्याला परवानगीची गरज नाही त्याला परवानगीचा कागदही मिळत नाही. परकीयास शिक्का मिळतो, मुदत मिळते, नोंदवही मिळते. आप्तास यांपैकी काहीच मिळत नाही. लहान मुले तर बहुधा आईबापांच्या किंवा वडील भावंडांच्या पासपोर्टवर येत. त्यांच्या नावाचा स्वतंत्र पासपोर्ट पुष्कळदा कधी निघालाच नाही. समुद्रमार्गे येणाऱ्यांच्या याद्या १९६० पर्यंत ठेवल्या जात व त्या आज लंडनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात पाहावयास मिळतात. त्यानंतर आलेल्यांसाठी, आणि विशेषतः विमानाने आलेल्यांसाठी, असा आधार उरत नाही.

मध्यंतरी त्यांच्या जन्मभूमी स्वतंत्र होत गेल्या. जमेका व त्रिनिदाद १९६२ साली, बार्बाडोस व गयाना १९६६ साली. तेथे जन्मलेला, पण बर्मिंगहॅमच्या कारखान्यात काम करणारा मनुष्य आपल्या खोलीतून हललाही नाही. तरी त्याचे नागरिकत्व बदलले. आदल्या दिवशी तो ‘युनायटेड किंगडम व वसाहती यांचा नागरिक’ होता. दुसऱ्या दिवशी तो बहुधा एका नव्या राष्ट्राचा नागरिक झाला. या बदलाची सूचना देणारे पत्र त्याच्या दारी आले नाही. तो स्वतःस पूर्वीप्रमाणेच ब्रिटिश समजत राहिला, आणि तसे समजण्यास त्याला सबळ कारण होते.

३

येण्याची मोकळीक १९६२ च्या राष्ट्रकुल-स्थलांतर कायद्याने आखडली. १९६८ साली, केनियातील आशियाई लोक येऊ लागताच, घाईने संमत झालेल्या दुसऱ्या कायद्याने ती आणखी आखडली. या दोन्ही कायद्यांचा रोख नव्याने येणाऱ्यांवर होता. आधीच राहत असलेल्यांचे काय, या प्रश्नाचे व्यवस्थित उत्तर १९७१ च्या कायद्याने दिले. तो १ जानेवारी १९७३ रोजी अंमलात आला.

या कायद्याने सर्व माणसांचे दोन वर्ग केले. पहिल्या वर्गास देशात राहण्याचा स्वयंसिद्ध अधिकार होता. दुसऱ्या वर्गातील माणसांनी परवानगीने राहावयाचे होते. स्वतंत्र राष्ट्रांचे नागरिक बनलेले जुने रहिवासी बहुतांशी दुसऱ्या वर्गात पडले. मात्र त्यांना उपद्रव होऊ नये म्हणून कायद्याच्या पहिल्याच कलमात एक तरतूद करण्यात आली. तिचा आशय असा, की कायदा अंमलात येते वेळी जे येथे स्थायिक आहेत त्यांस अमर्याद मुदतीची परवानगी या कायद्यान्वये दिली गेली आहे असे मानले जाईल.

या वाक्याचे व्याकरण बारकाईने पाहिले पाहिजे. ‘दिली गेली आहे’ हा कर्मणी प्रयोग. ‘मानले जाईल’ हाही तसाच. देणारा अधिकारी वाक्यात नाही, मानणाराही नाही. देण्याची क्रिया प्रत्यक्षात कधी घडलीच नाही. ती घडली असे समजावयाचे आहे. जी क्रिया घडली नाही तिची तारीख नसते, जावक क्रमांक नसतो आणि प्रतही नसते. कायदेशास्त्रात अशा कल्पित गोष्टी नित्याच्याच आहेत, व येथे तिचा हेतू उदार होता. लक्षावधी लोकांना कचेरीत रांगा लावावयास न सांगता एका वाक्याने त्यांचे स्थैर्य राखले गेले. परंतु ही उदारता कागदविरहित होती.

परवानगी या अर्थी कायद्यात योजलेला इंग्रजी शब्द ‘लीव्ह’ हा आहे. इंग्रजीत ‘निघून जाणे’ या अर्थाचा ‘लीव्ह’ आणि ‘अनुज्ञा’ या अर्थाचा ‘लीव्ह’ हे उच्चाराने एक असले तरी व्युत्पत्तीने भिन्न आहेत. आपल्याकडे सरकारी नोकराची ‘रजा’ म्हणजे जे, तेच मूळ या दुसऱ्या शब्दाच्या पोटी आहे. रजा हाही मूलतः अनुमतीवाचक शब्द. अनुमती देणारा वरिष्ठ आणि घेणारा कनिष्ठ, हा संबंध अशा शब्दांत गृहीतच असतो. १९४८ साली जो मनुष्य प्रजाजन म्हणून, म्हणजे नात्याने, देशात राहत होता, तो १९७३ पासून रजेवर राहू लागला. रजा अमर्याद होती हे खरे. तरी ती रजाच होती. दोन वर्षांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास ती संपुष्टात येऊ शकत असे. हक्काचे रूपांतर अनुमतीत झाले, आणि ज्याच्या बाबतीत ते झाले त्यास ते कळलेही नाही.

याच कायद्याच्या तिसऱ्या कलमातील आठवे पोटकलम हे आमचे दुसरे वाक्य होय. कोणी व्यक्ती या कायद्याखालील सवलतीस पात्र आहे किंवा नाही असा प्रश्न उपस्थित झाल्यास, तशी पात्रता सांगणाऱ्यानेच ती सिद्ध केली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. एका कलमाने मानले. दुसऱ्याने सिद्ध करावयास सांगितले. जोवर प्रश्न उपस्थित होत नव्हता तोवर या दोहोंत विसंगती जाणवत नव्हती.

पुढील दोन घटनांनी ही स्थिती अधिक नाजूक केली. १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने या जुन्या रहिवाशांस नागरिक म्हणून नोंदणी करून घेण्याचा हक्क दिला, पण त्यास ३१ डिसेंबर १९८७ ही मुदत घातली. अनेकांनी नोंदणी केली नाही. जो स्वतःस नागरिकच समजतो तो नागरिक होण्यासाठी अर्ज व शुल्क कशास भरील? शिवाय नोंदणी न केल्याने इतर हक्क बदलणार नाहीत, असेच तत्कालीन सरकारी माहितीपत्रकांतून सांगण्यात येत होते. दुसरी घटना १९८८ ची. जुन्या रहिवाशांची व त्यांच्या कुटुंबीयांची येण्याजाण्याची मोकळीक पूर्वीपेक्षा कमी केली जाणार नाही, असे जे आश्वासन १९७१ च्या कायद्यात होते, ते त्या वर्षीच्या कायद्याने काढून टाकण्यात आले.

४

प्रश्न विचारणारा कोण, यावर उत्तर देणाऱ्याची स्थिती अवलंबून असते. १९९० पर्यंत हा प्रश्न मुख्यतः सरहद्दीवर, म्हणजे बंदरात व विमानतळावर, विचारला जाई. १९९६ च्या कायद्याने मालकांना नोकराची कागदपत्रे पाहावयास लावली. २००६ च्या कायद्याने त्यासंबंधी दंडाची नवी पद्धत आणली, व ती २००८ पासून सुरू झाली. २०१४ व २०१६ च्या कायद्यांनी घरमालक, बँका आणि वाहनपरवाना देणारे खाते यांसही तपासनीस बनविले. या धोरणाचा उच्चार त्या वेळच्या गृहमंत्री थेरेसा मे यांनी २०१२ साली केला होता. बेकायदा राहणाऱ्यांस देशात प्रतिकूल वातावरण निर्माण करणे हा त्यांचा उद्घोषित हेतू होता. यामुळे सरहद्द देशाच्या काठावरून उठून घराच्या भाडेचिठ्ठीत आणि कारखान्याच्या कचेरीत येऊन बसली.

या तपासनीसांना १९७१ च्या कायद्याचे पहिले कलम ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना ठाऊक होती ती कागदांची यादी. चूक झाल्यास दंड त्यांनाच भरावयाचा होता. अशा स्थितीत घरमालक संशयाचा फायदा कोणाला देणार, हे सांगावयास नको.

आता उदाहरणादाखल एक व्यक्ती कल्पावी. ती १९६५ साली आठ वर्षांची असताना आईच्या पासपोर्टवर आली. शाळा १९७३ साली सोडली, त्यानंतर इस्पितळात व उपाहारगृहांत काम केले. २०१४ साली नव्या मालकाने कागद मागितले. तिने गृहखात्याकडे अर्ज केला. त्या खात्याकडून पुष्कळ प्रकरणांत वर्षागणिक पुरावा, आणि तोही वर्षाला एकाहून अधिक कागदांचा, मागितला जात असे. तिने काय सादर करावे? शाळा बंद पडली असेल, तर प्रवेशाची वही गहाळ. पहिला मालक मृत. डॉक्टरांच्या नोंदी दवाखान्याबरोबर स्थलांतरित झालेल्या. भाड्याच्या पावत्या चाळीस वर्षे कोण जपून ठेवतो? मतदारयादीत नाव असेल. पण ज्या वर्षी घर बदलले त्या वर्षी नसेल. मुले लहान असताना नोकरी केली नसेल, तर त्या वर्षांत नॅशनल इन्शुरन्सची वर्गणीही नसेल. वकिलाचा सल्ला घ्यावा तर एप्रिल १९१३ पासून नव्हे, अगदी अलीकडे म्हणजे एप्रिल २०१३ पासून, अशा बहुतेक प्रकरणांना सरकारी कायदेसाहाय्य बंद झालेले.

येथे एक तात्त्विक अडचण आहे, आणि ती भाषाभ्यासकाच्या परिचयाची आहे. क्रियापदाच्या अर्थात आपण पूर्ण क्रिया आणि चालू क्रिया असा भेद करतो. ‘तो आला’, ‘त्याने वर्गणी भरली’, ‘तिला मुलगा झाला’ या क्रिया एका क्षणी घडून संपतात. ‘तो येथे राहत आहे’ ही क्रिया काळभर पसरलेली असते. कागद स्वभावतः पहिल्या प्रकारच्या क्रिया टिपतो. निवास हा दुसऱ्या प्रकारचा आहे. क्षणांची कितीही मोठी माळ केली तरी दोन मण्यांमध्ये जागा राहतेच, आणि संशय घेणाऱ्यास तेवढी जागा पुरते. म्हणून निवासाची शाबिती करताना दोन टिंबांमधील रेषा कोणी तरी गृहीत धरावी लागते. ती गृहीत धरावयाची की नाही, हाच सारा वाद होय.

इंग्रज न्यायाधीशांस ही गोष्ट अवगत नव्हती असे नाही. ‘सामान्यतः निवास’ या संज्ञेचा अर्थ हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८२ साली शहा विरुद्ध बार्नेट या प्रकरणात ठरविला. तो खटला परदेशी विद्यार्थ्यांच्या शिक्षणवृत्तीचा होता. लॉर्ड स्कार्मन यांच्या निवाड्याचा आशय असा, की मनुष्य स्वेच्छेने व काही स्थिर हेतूने, आपल्या नित्य जीवनक्रमाचा भाग म्हणून जेथे राहतो, तेथे तो सामान्यतः निवास करतो. येथे कसोटी जीवनक्रमाची आहे. गृहखात्याच्या मेजावर मात्र ही कसोटी कागदांच्या मोजणीत रूपांतरित झाली.

अशा वेळी १९५० ते १९७० च्या दरम्यानची उतारूंची नोंदपत्रे, ज्यांस ‘लँडिंग कार्डे’ म्हणत, ती उपयोगी पडू शकली असती. क्रॉयडन येथील सरकारी कचेरीच्या तळघरातील या पत्रांचा साठा २०१० साली नष्ट करण्यात आला. ही गोष्ट २०१८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा अशा पत्राने केवळ आगमनाची तारीख कळते, अखंड निवास सिद्ध होत नाही, असा बचाव करण्यात आला. हा युक्तिवाद शब्दशः खरा आहे. परंतु हेच कोणत्याही एका कागदाविषयी म्हणता येते. ज्या रहिवाशाचे सारे प्रकरण ‘१९७३ पूर्वी आलो’ या एका विधानावर उभे आहे, त्याच्या माळेतील पहिला मणी म्हणजे आगमनाची तारीख. आणि तो सरकारपाशीच होता.

५

दीर्घ निवास कसा शाबीत करावा, हा प्रश्न मराठी इतिहासाच्या अभ्यासकास नवा वाटू नये. दख्खनच्या गावगाड्यात ‘मिरासी’ आणि ‘उपरी’ असा भेद होता. मिरासदार हा पिढीजात हक्काचा, उपरी हा बाहेरून येऊन जमीन कसणारा. मिरास हा शब्द अरबी. त्याचा अर्थ वारसा. वतनाचा किंवा मिराशीचा तंटा उद्भवला, आणि सनद जळाली, लुटीत गेली किंवा वाळवीने खाल्ली, तर काय करीत? गोत जमवीत. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारगावचे मोकदम यांच्या साक्षी घेत, व निर्णय लिहून त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या करून घेत. या कागदास ‘महजर’ म्हणत. महजर, हजर व हुजूर हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून आले असून त्या धातूचा अर्थ उपस्थित असणे हा आहे. महजर म्हणजे उपस्थितांच्या उपस्थितीत झालेला लेख. कागद हरवला तरी माणसांची स्मृती हा पुरावा धरला जाई, आणि त्या स्मृतीतून नवा कागद तयार होई.

या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. साक्षीने निकाल न लागल्यास प्रसंगी वादीला दिव्य करावे लागे, व तापलेल्या धातूत हात घालावयास लावणारी रीत न्यायाची आदर्श रीत म्हणता येणार नाही. शिवाय गोताची स्मृती मिरासदाराच्या बाजूने बोले. उपऱ्याची आठवण ठेवणारा कोण? ही तुलना एवढ्याचसाठी केली, की शाबितीचा भार कोणावर आहे यापेक्षाही, कोणता पुरावा पुरावा म्हणून धरला जातो हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. ब्रिटनमधील रहिवाशाला चाळीस वर्षे ओळखणारे शेजारी, सहकारी व धर्मोपदेशक होते. त्यांची पत्रे अर्जास जोडली जात. परंतु सरकारी कागदापुढे त्यांचे वजन पडत नसे. आणि जो सरकारी कागद हवा होता तो बऱ्याच प्रसंगी सरकारच्याच दुसऱ्या खात्यात होता. करवसुलीच्या व पेन्शनच्या खात्यांपाशी वर्षानुवर्षांच्या नोंदी असताना, त्या मागवून घेण्याचे काम गृहखात्याने आपले मानले नाही. ते अर्जदाराचे मानले.

६

ही प्रकरणे २०१७ च्या अखेरीपासून वृत्तपत्रांतून येऊ लागली. एप्रिल २०१८ मध्ये राष्ट्रकुलाच्या राष्ट्रप्रमुखांची परिषद लंडनमध्ये भरत असताना त्यांचा बोभाटा झाला. सरकारने क्षमा मागितली. गृहमंत्री अँबर रड यांनी २९ एप्रिल रोजी राजीनामा दिला. त्या वेळी ऑक्सफर्ड येथील स्थलांतर-अभ्यासकांनी केलेल्या अंदाजाप्रमाणे, १९७१ पूर्वी राष्ट्रकुलातून आलेल्या व ब्रिटिश नागरिकत्व न घेतलेल्या रहिवाशांची संख्या ५७,००० पर्यंत असावी. त्यांत जमेकाच्या खालोखाल भारतात जन्मलेले लोक होते. म्हणजे हा प्रश्न केवळ कॅरिबियन लोकांचा नव्हता. गृहखात्याच्या स्वतःच्या तपासणीत, १९७३ पूर्वी आलेल्या ८३ व्यक्ती देशाबाहेर गेल्याचे वा घालविल्या गेल्याचे आढळले. त्यांपैकी काही तोवर मरण पावल्या होत्या.

३० मे २०१८ पासून जी नवी योजना सुरू झाली तिचे शुल्क माफ होते. पुराव्याची कसोटी ‘अधिक संभवनीय काय’ एवढीच ठेवली होती. आणि विशेष म्हणजे इतर खात्यांतील नोंदी गृहखात्यानेच मागवावयाच्या होत्या. या योजनेखाली पुढील पाच वर्षांत सोळा हजारांहून अधिक लोकांना निवासाची किंवा नागरिकत्वाची कागदपत्रे मिळाली. कायदा तोच होता, माणसे तीच होती. बदलली होती ती रेषा गृहीत धरण्याची तयारी. आधीची वर्षे व्यर्थ होती याचा यापेक्षा सबळ पुरावा शोधण्याची गरज नाही.

नुकसानभरपाईची योजना एप्रिल २०१९ मध्ये जाहीर झाली. पण तिच्यात जुनीच वृत्ती पुन्हा डोकावली. नोकरी गेली, ती कागद नसल्यामुळेच गेली, आणि त्यामुळे अमुक इतके नुकसान झाले, हे पुन्हा अर्जदारानेच कागदांनिशी दाखवावयाचे होते. पार्लमेंटच्या गृहविषयक समितीने नोव्हेंबर २०२१ च्या अहवालात नमूद केले, की पात्र समजल्या गेलेल्या सुमारे १५,००० लोकांपैकी सप्टेंबरअखेर केवळ ५.८ टक्के लोकांना काही रक्कम मिळाली होती, आणि २३ अर्जदार रक्कम हाती पडण्यापूर्वीच निवर्तले होते.

वेंडी विल्यम्स यांचा चौकशी-अहवाल १९ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झाला. जे घडले ते आधी दिसण्याजोगे व टाळता येण्याजोगे होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्यांच्या तीस शिफारशींपैकी एक इतिहासाच्या अभ्यासकांस विशेष वाटेल. गृहखात्याच्या सेवकांना ब्रिटनचा, साम्राज्याचा व स्थलांतराचा इतिहास शिकवावा, असे त्यांनी सुचविले. त्या निमित्ताने खात्याने या प्रकरणाच्या ऐतिहासिक मुळांविषयी एका इतिहासकाराकडून निबंध लिहवून घेतला. परंतु तो दडवून ठेवला, आणि माहितीच्या अधिकारासंबंधीच्या न्यायाधिकरणापुढे वाद झाल्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये तो प्रसिद्ध करावा लागला. दरम्यान जानेवारी २०२३ मध्ये तीस शिफारशींपैकी तीन सरकारने सोडून दिल्या होत्या.

७

या इतिहासातून निघणारा प्रश्न सोपा नाही. हक्क कायद्यानेच आपोआप द्यावा, की अर्ज करणाऱ्यासच द्यावा? पहिल्या पद्धतीत कोणी वगळला जात नाही, पण कोणापाशी कागद नसतो. दुसऱ्या पद्धतीत सर्वांपाशी कागद असतो, पण जो अर्ज करीत नाही त्याचा हक्कच बुडतो. युरोपीय संघातून बाहेर पडताना ब्रिटनने तेथील युरोपीय रहिवाशांसाठी दुसरी पद्धत पत्करली व ३० जून २०२१ ही अर्जाची मुदत ठरविली. विंडरश प्रकरणाची पुनरावृत्ती टळावी हेही त्याचे एक समर्थन होते. परंतु १९८७ ची मुदत आपण पाहिली आहे. वृद्ध, निरक्षर, आजारी, किंवा आपणास अर्जाची गरजच नाही असे प्रामाणिकपणे समजणारे लोक प्रत्येक मुदतीच्या पलीकडे राहतात.

एवंच, दोष केवळ पद्धतीत नाही. ज्या शासनाने ‘मानले जाईल’ असे लिहिले, त्या शासनाने पुढील प्रत्येक कचेरीत ते मानावयास हवे होते. मानणे ही देखील राहण्यासारखीच चालू क्रिया आहे. ती १९७३ साली एकदा करून संपत नाही. आणि जो पुरावा पुढे मागावयाचा तो आज जपून ठेवणे हे मागणाऱ्याचेही काम आहे. शाळेच्या वह्या, उतारूंची नोंदपत्रे, कारखान्यांची हजेरीपटे यांस आपण इतिहासाची साधने म्हणतो, व ती रद्दीत गेली की संशोधनाची हानी झाली म्हणून हळहळतो. ती हानी कोणा जिवंत माणसाच्या निवाऱ्याची, औषधाची व म्हातारपणाचीही असू शकते, हे या प्रकरणाने दाखवून दिले आहे. दप्तरखाने चाळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हजेरीपट हाती आल्यास हे ध्यानात ठेवावे, की त्यावरील नाव कोणाच्या तरी हजर असण्याचा कदाचित एकमेव महजर असेल.